चौथा पेला

“मावशी, गिळायचं नाही. थुंकायचं,” कर्णिकसाहेब म्हणाले.

तोवर मी गिळून मोकळी झाले होते.

“थुंकायचं? का हो, नासकी आहे का?”

“नासकी-बिसकी नाही. सहा पेले चाखायचेत आपल्याला. सगळे पोटात गेले तर सहाव्याला जीभ ठिकाणावर राहायची नाही.” असं म्हणून त्यांनी आपल्या तोंडातला घोट शेजारच्या स्टीलच्या बादलीत सोडला. इतक्या सफाईने सोडला, की पांढऱ्या चादरीवर एक थेंब उडाला असेल तर शपथ.

“साहेब, तोंडात घेतलेलं आमच्यात थुंकत नाहीत. अन्नाचा अपमान होतो.”

“हे अन्न नाही, मावशी.”

“मग जेवण करणारीला बोलावलंत कशाला?”

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रल्हादने खोकल्याचं सोंग करून तोंडावर रुमाल धरला. कर्णिकसाहेब पुण्याचे, वाईनमधले मोठे जाणकार. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नाद सोडला. मी त्या दिवशी सहाच्या सहा घोट गिळले. पुढे जे काही झालं त्यात त्या सहा घोटांचाही हात होता, हे मी नाकारत नाही.

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा नाशकात माझी खानावळ जोरात चालायची. अनुसयामावशीची खानावळ म्हटलं की पॉलिटेक्निकची पोरं डोळे झाकून चालत यायची. प्रल्हाद शेवाळे त्यातलाच एक. तीन वर्षं माझ्या हातचं जेवला, आणि पुढे बघता बघता हायवेवर पाच हॉटेलांचा मालक झाला. पण माणूस विसरला नाही. एक दिवस गाडी घेऊन दारात आला आणि म्हणाला, “मावशी, पाचही हॉटेलांत मला एकच लाल वाईन ठेवायचीय. साडेतीनशेच्या आतली. सहा जणांनी बाटल्या दिल्यात. रविवारी सकाळी चाखून ठरवायचं. परीक्षक तीन. पुण्याचे एक कर्णिकसाहेब, मी आणि तुम्ही.”

“मी? अरे मेल्या, जन्मात दारूला शिवले नाही मी!”

“म्हणूनच तर. माझं निम्मं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पेला उचलणार आहे. कर्णिकसाहेबांची जीभ पाच-पाच हजारांच्या बाटल्यांवर पोसलेली. मला साडेतीनशेची जीभ पाहिजे. आमटीत हिंग कुठल्या डबीतला पडलाय ते तुम्ही नुसत्या वासावर सांगायचात, विसरलो नाही मी.”

नाहीच म्हणणार होते. पण सहज विचारलं, सहा जण कोण कोण. त्याने नावं घेतली. पाचवं नाव निघालं ते दिंडोरीकडच्या सुनील गांगुर्ड्यांच्या कारखान्याचं. मी चहाचा कप खाली ठेवला.

त्या कारखान्यात वाईन करायची ती माझी कावेरी. माझी एकुलती एक पोर.

केमिस्ट्री घेऊन पहिल्या वर्गात पास झाली होती. मला वाटलं, कुठे शाळेत लागेल, नाहीतर माझ्याबरोबर खानावळ बघेल, चार टेबलांची आठ करेल. तर ही बया द्राक्षं कुजवायला गेली! असंच म्हणाले होते मी तिला, तोंडावर.

“कुजवत नाहीत, आई. आंबवतात,” ती म्हणाली होती. “इडलीचं पीठ तू कुजवतेस का?”

उत्तर सुचलं नाही की मी आवाज चढवते, ही माझी खोड. नको नको ते बोलले. त्या भांडणाला तीन वर्षं झाली होती. ती दिंडोरीलाच खोली घेऊन राहायची. महिन्यातून एकदा घरी यायची, पाटावर बसायची, पहिल्यांदा वाढलं तेवढं खायची आणि हात धुवायची. पुन्हा म्हणून काही मागायची नाही. अख्ख्या गावाला पोटभर वाढणाऱ्या बाईला आणखी काय लागायला हवं मनाला?

त्या महिन्यात आली तेव्हा जेवता जेवता म्हणाली, “एका हॉटेलवाल्याची ऑर्डर आहे. ती मिळाली नाही तर सुनीलदादा कारखाना बंद करतोय. मग येते मी घरी. बसते तुझ्या गल्ल्यावर. झालं समाधान?”

झालं होतं. खोटं कशाला बोलू? माझे गुडघे गेले होते, घर खायला उठत होतं, आणि तीन वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होते. तेव्हा प्रल्हादने ते नाव घेतलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. जायचं. कावेरीचा पेला कुठला ते ओळखायचं. आणि त्याला शून्य द्यायचं. पोर घरी आली की बाकी सगळं निस्तरता येईल.

प्रल्हादला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो शिकायला होता तेव्हा कावेरी जेमतेम दोन वर्षांची. ‘ठमी, ठमी’ करत तो तिला कडेवर घेऊन फिरायचा. तीच ठमी आता गांगुर्ड्यांकडे वाईन करते, हे मी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

“येते रविवारी,” एवढंच म्हणाले.

तर असा तो रविवार. सकाळचे अकरा. हॉटेलचा खालचा हॉल, लांब टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा बाटल्या. मानेपर्यंत गुंडाळलेल्या, वर नुसता आकडा. कुणाची कुठली ते एका पाकिटात बंद. बाटल्यांचे मालक मागे खुर्च्यांवर बसलेले, त्यांनी ब्र काढायचा नाही असा नियम. कावेरी शेवटच्या रांगेत उभी होती. मला परीक्षकाच्या खुर्चीत बसताना पाहून तिचे डोळे एवढे मोठे झाले. मग ती हसली. अगदी बारीक, पण हसली. मी नजर काढून घेतली.

आम्हाला एकेक कागद दिला होता. रंग, वास, चव असे रकाने, आणि शेवटचा रकाना प्रल्हादने स्वतःच्या हाताने आखलेला. त्यावर लिहिलं होतं, ‘वसूल?’

“हे काय?” कर्णिकसाहेबांनी विचारलं.

“साहेब, पाच हजारांची वाईन चांगली असणारच. नसून सांगते कुणाला? साडेतीनशेत माणसाचे पैसे वसूल होतात का, ते मला पाहिजे.”

“आणि ते मोजायचं कसं?”

“सोपं आहे,” मी म्हटलं. “पहिली वाढ भुकेची असते, दुसरी चवीची. माणूस दुसऱ्यांदा मागतो का ते बघायचं.”

कर्णिकसाहेबांनी भुवया वर केल्या, पण हसले नाहीत.

पहिला पेला तुम्हाला सांगितलाच. मी गिळला आणि म्हटलं, “जांभळाचा रस रात्रभर लोखंडी कढईत राहिल्यासारखा लागतोय.” साहेबांनी पुन्हा एक घोट घेतला, तोंडात घोळवला, बादलीत सोडला. “लोखंड आहे खरं,” म्हणाले आणि प्रल्हादकडे पाहून मान डोलावली. प्रल्हादची कॉलर ताठ झाली.

दुसऱ्यात आंबटपणा होता. साहेबांना तो आवडला. मी म्हटलं, “आंबट चालेल हो, पण आंबटाला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. चिंच घातली आणि गूळ विसरली, अशी गत आहे.”

तिसरा प्यायला गोड, मऊ. जिभेवरून सरसर गेला. “ही लग्नातल्या लांबच्या पाहुणीसारखी. दारात गोड गोड बोलते, पंगतीच्या वेळी सापडत नाही.” यावर साहेब खरंच हसले. मागे बसलेले एक गृहस्थ मात्र खुर्चीत चुळबुळले. त्यांच्या बोटांत तीन अंगठ्या होत्या. ते थेटेशेठ, मोठ्या कारखान्याचे मालक, हे मला नंतर कळलं.

एव्हाना माझे कान गरम झाले होते. अंगात एक तरतरी आली होती. बघा, मी मनात म्हटलं, या वयात नवीन विद्या!

मग चौथी बाटली उचलली गेली, आणि मागच्या रांगेत कावेरीने उजवा पाय उचलून डाव्या पोटरीला घासला.

लहानपणापासूनची सवय तिची. शाळेत निकाल वाचत असले की पोर बगळ्यासारखी एका पायावर. बाटली पेपरात गुंडाळली तरी बाटलीचा आकार लपत नाही. आपली बरणी आपल्याला ओळखू येतेच. मला पाकिटाची गरज राहिली नाही. चौथा पेला माझ्या लेकीचा.

मी तो नाकाशी नेला. आणि थांबले.

पोतेऱ्याचा वास.

अगदी पुसट. फरशी पुसून झाल्यावर फडकं पिळून कोपऱ्यात टाकलं आणि वाळवायचं राहून गेलं, की दुसऱ्या दिवशी येतो तो वास. त्या वासाखाली काहीतरी होतं, दडपलेलं, गोधडीखाली पोर झोपल्यासारखं. पण वर पोतेरं. घोट घेतला, तर चवही तशीच. मुकी.

“हं,” कर्णिकसाहेब म्हणाले, “सपाट आहे. रंग बरा, पण आत काही नाही. फळच नाही हिच्यात.” त्यांनी कागदावर दोन मार्क टाकले. प्रल्हादने तोंड वाकडं करून तीन. माझं काम कुणीतरी परस्पर करून टाकलं होतं. मला आता फक्त एक गोल काढायचा होता.

पेन्सिल कागदावर टेकवली. गोल काही निघेना.

“मावशी?”

“पुढे चला. नंतर लिहिते.”

पाचवा इतका तुरट, की गाल आतून आवळले. सहावा गरम मसाल्याचा, बरा होता. मी गिळत होते, बोलत होते, पण लक्ष सगळं त्या चौथ्या पेल्यावर. तो तसाच माझ्यासमोर होता, अर्धा. मध्येच उचलून पुन्हा हुंगला. तोच वास. चाळीस-चाळीस बरण्या लोणची घालणारी बाई मी. हा वास मी ओळखायला चुकणार? हा लोणच्याचा वास नसतो. बरणीचा असतो.

कर्णिकसाहेब बेरीज करायला लागले. थेटेशेठ पुढे सरकून बसले. कावेरीचे दोन्ही पाय आता जमिनीवर होते आणि मान खाली. तिला परीक्षकांचे चेहरे वाचता येत होते. घरी येणार होती माझी पोर. चार दिवसांत सामान आणलं असतं. मी तिची खोली आधीच झाडून ठेवली होती.

“थांबा,” मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. “चौथ्याची दुसरी बाटली फोडा.”

“का?”

“हिला पोतेऱ्याचा वास येतोय.”

हॉलमध्ये हशा पिकला. थेटेशेठ तर मांडीवर थाप मारून हसले.

“कसला वास?” कर्णिकसाहेबांनी विचारलं.

“पोतेऱ्याचा. ओल्या फडक्याचा. वाईनमध्ये दोष नाहीये, साहेब, या बाटलीत आहे. एक बरणी नासली म्हणून शेजारची उघडून न बघता टाकायची नसते.”

साहेबांनी पेला उचलला, डोळे मिटून हुंगला. “मला येत नाही. मुकी वाईन आहे, बस्स. आणि नियम प्रत्येकी एका बाटलीचा आहे. बाकीचे पाच जण काय म्हणतील?”

“म्हणू दे काय म्हणायचं ते!”

“आई, राहू दे ना!”

झालं. कावेरीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

मग थेटेशेठ उभेच राहिले. “वा! वा, शेवाळे! लेकीची बाटली आणि आईच परीक्षक? मग आम्हाला कशाला बोलावलंत, टाळ्या वाजवायला?”

प्रल्हादचा चेहरा पांढरा पडला. “मावशी, ही... ही ठमी?”

“ठमीच ती,” मी म्हटलं आणि उभी राहिले. टेबल धरून उभं राहावं लागलं. “शेठ, तुमचं खरं आहे. ही माझी मुलगी आहे आणि मी ते लपवलं. पण तिला जिंकवायला नाही आले मी. पाडायला आले होते.”

मी थेटेशेठकडेच बघून पुढे बोलले.

“तिची निवड झाली नाही तर कारखाना बंद होतो आणि ती घरी येते. मला ती घरी पाहिजे. म्हणून तिचा पेला ओळखून शून्य द्यायला आले होते. हा बघा कागद, तिची ओळ कोरी आहे.” मी कागद उचलला, उभा फाडला, आडवा फाडला आणि त्या थुंकायच्या बादलीत टाकला. “माझे मार्क गेले. सहाही पेल्यांचे गेले. आता मी परीक्षक नाही, कुणी नाही. पण वास पोतेऱ्याचा आहे म्हणजे आहे! माझ्या नाकावर विश्वास नसेल तर परीक्षा घ्या माझी.”

कावेरीकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

थेटेशेठच म्हणाले, “घ्याच परीक्षा. होऊन जाऊ दे.” त्यांना वाटलं, म्हातारीला चढलीय, आपसूक पडेल.

गांगुर्ड्यांच्या खोक्यातून चौथ्याची दुसरी बाटली आली. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मी वर पदर डोळ्यांवर ओढून घेतला. पाठीमागे पेल्यांची किणकिण ऐकू येत होती. सगळं ओतणं कर्णिकसाहेबांनी स्वतः केलं, कुणाला हात लावू दिला नाही. मग म्हणाले, “या, मावशी. सहा पेले आहेत. पाचांत नवी बाटली, एकात जुनी. चाखायचं नाही, नुसता वास. सांगा कुठला.”

मागची माणसं खुर्च्या सोडून टेबलाभोवती गोळा झाली होती. निकालाच्या आधी फळ्याभोवती पोरं जमतात तशी एकमेकांच्या खांद्यावरून बघत होती.

पहिला पेला उचलला. आणि अगं बाई! जांभूळ! पावसाळ्याच्या तोंडावर हातगाडीवर मीठ लावून मिळतं ते टपोरं जांभूळ, आणि मागे किंचित मिरी. मघाशी गोधडीखाली झोपलं होतं ते पोर उठून उभं राहिलं होतं. माझ्या लेकीने हे केलं? मला हसू फुटलं.

“हसताय काय, मावशी? हाच का?” प्रल्हादने विचारलं.

“हा नव्हे रे. हा नवा.”

दुसरा उचलला. पोतेरं.

“हा जुना.”

साहेबांनी पेल्याच्या तळाला चिकटवलेली चिठ्ठी पाहिली आणि मान हलवली. “बरोबर.” प्रल्हादने टाळी वाजवली, मागे दोघं-चौघं ‘अरे वा’ म्हणाले. थेटेशेठ म्हणाले, “लागला नेम. सहांत एक लागतोच कुणाचातरी.”

“थांबा,” मी म्हटलं, “अजून चार हुंगायचेत.”

“सापडला की आता,” प्रल्हाद म्हणाला. “एकच होता.”

“घरी भाजीवालीने ‘एकच सडका आहे’ म्हटलं तरी मी पाटी उलटी करते.” तिसरा हुंगला. जांभूळ. चौथा. जांभूळ. पाचवा नाकाशी नेला आणि खाली ठेवला. सहावाही हुंगला, जांभूळ. मग मी कर्णिकसाहेबांकडे वळले.

“साहेब, तुम्ही एक म्हणालात. दोन आहेत. दुसरा आणि पाचवा.”

साहेबांनी चष्मा काढला. रुमालाने पुसला. परत घातला. पाचव्या पेल्याची चिठ्ठी काढून थेटेशेठच्या हातात दिली.

“मी मुद्दाम दोन घातले होते,” ते म्हणाले. “नशीब आणि नाक वेगळं करायला.”

काय कल्ला झाला म्हणून सांगू! प्रल्हाद लहान पोरासारखा उड्या मारायला लागला. ‘माझी मावशी, माझी मावशी’ म्हणत ज्याला त्याला सांगत सुटला. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “बुचाचा दोष आहे हा. एखाद्या बाटलीचं बूच खराब निघतं आणि आतली वाईन दाबून टाकतं. जोरात असला तर मी लांबून ओळखतो. एवढा बारीक माझ्या नाकातून सुटला. पंचवीस वर्षं हेच काम करतोय, आणि सुटला. दुसरी बाटली मीच मागायला हवी होती.” मग त्यांनी दोन कोरे कागद काढले, एक प्रल्हादला दिला. “आपण दोघं पुन्हा मार्क देऊ. मावशी नाहीत. चालेल, शेठ?”

थेटेशेठनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. “चालवून घेतो,” म्हणाले. “न चालवून करतो काय?”

साहेबांनी नव्या बाटलीतला पेला घेतला. उजेडात धरला, हुंगला, मोठा घोट घेतला, तोंडात घोळवला. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर, आणि माझी बादलीवर. साहेब बादलीकडे वाकले. वाकलेले तसेच थांबले. मग सरळ झाले, आणि त्यांच्या गळ्याची घाटी खाली गेली.

गिळली त्यांनी!

“याची किंमत काय आहे?” त्यांनी विचारलं.

“दोनशे नव्वद,” कावेरी म्हणाली. त्या ‘राहू दे ना’नंतर ती पहिल्यांदा बोलली.

साहेबांनी पेला रिकामा केला आणि प्रल्हादपुढे धरला. “शेवाळे, जरा अजून घाला.”

मला काही सांगावं लागलं नाही. प्रल्हादने ‘वसूल’च्या रकान्यात काय लिहिलं ते साऱ्या हॉलला दिसलं. थेटेशेठनीही पाव पेला मागून घेतला, चाखला, आणि “आहे बुवा” एवढं म्हणून टोपी घालून निघून गेले. सुनील गांगुर्डे रडत होता की हसत होता, देव जाणे. कावेरीभोवती माणसांची गर्दी झाली. मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि रिक्षा केली. एकाएकी अंगातली सगळी तरतरी गेली होती. मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की तुला पाडायला आले होते.

रविवारी दुपारची पंगत माझ्या मदतीच्या बायांनी उरकली होती. तीनच्या सुमाराला मी एकटीच आमटीचं पातेलं घासायला घेणार, तर दारात कावेरी. आत आली, चप्पल काढली, पाटावर बसली. मी ताट वाढलं. भात, आमटी, वांग्याची भाजी, चटणी. ती खाली मान घालून जेवायला लागली.

भात कालवता कालवता म्हणाली, “तुला त्या खुर्चीत बघितलं ना, मला वाटलं, माझ्यासाठी आलीस.”

“माहितीये. हसली होतीस.”

“मग बोललीस कशाला? गप्प बसली असतीस तर मी आज सामान बांधत असते. तुला पाहिजे होतं तेच झालं असतं.”

मी पदराने हात पुसले. सांगायचं नव्हतं, पण सहा घोट अजून पोटात होते, आणि एकदा खरं बोलायला लागलं की मध्ये थांबता येत नाही.

“तू बारा वर्षांची असताना दोन बरण्या लोणचं घातलं होतंस. एकटीने. कैऱ्यासुद्धा स्वतः फोडल्यास.”

तिचा हात थांबला. ती विसरली नव्हती.

“एकीला वास आला म्हणून मी दोन्ही उकिरड्यावर रिकाम्या केल्या,” मी म्हटलं.

“मी ओरडत होते. दुसरी उघडून तर बघ म्हणत होते.”

“मी नाही उघडली. तुला म्हटलं, तुझ्या हाताला चव नाही. त्यानंतर तू लोणच्याला हात लावला नाहीस.”

“जाऊ दे आता, आई.”

“जाऊ दे काय? ऐक. त्या बरण्या तुला पुसून कुणी दिल्या होत्या?”

तिने मान वर केली.

“मी दिल्या होत्या. घाईत. हाताला लागलं ते फडकं घेतलं, ते ओलं होतं. वास आला त्याच क्षणी मला कळलं होतं, कुणाची चूक आहे ती. चौदा वर्षं कळलेलंच आहे. सांगितलं नाही.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. कावेरीने भाताचा शेवटचा घास संपवला. मला वाटलं, आता उठेल, हात धुवेल, जाईल. तिला तसा हक्कच होता. कारखाना चालू राहणार होता, दिंडोरीची खोलीही तिथेच होती. या घरी राहायला ती पुन्हा कधी आली नाही, ते आजतागायत.

तिने बोटाने वाटी निपटली. चाटून पुसून लख्ख केली. मग ती वाटी माझ्यापुढे सरकवली.

“आमटी वाढ अजून,” म्हणाली.

मी पातेल्यात पळी घातली.